टोपली जड होऊ लागते तेव्हा

हंगामाच्या आरंभी काही कुटुंबांनी शेतकऱ्याकडे आगाऊ वर्गणी भरावी, त्या भरवशावर त्याने बियाणे, खत आणि मजुरी यांची तरतूद करावी, आणि पीक हाती येऊ लागले की दर आठवड्याला शेतात जे निघेल त्याचा वाटा प्रत्येक घरी पोहोचावा, अशी शेतीची एक पद्धत गेल्या पन्नास वर्षांत जगाच्या अनेक भागांत रुजली आहे. इंग्रजीत तिला ‘कम्युनिटी सपोर्टेड अ‍ॅग्रिकल्चर’ म्हणतात. आपण सोयीसाठी ‘सभासद-शेती’ म्हणू. पाऊस लांबला किंवा कीड पडली तर तोटा एकट्या शेतकऱ्याच्या माथी बसत नाही. उलट टोमॅटो उदंड पिकले, तर ते उदंड टोमॅटोही सभासदांच्याच पदरी पडतात.

या पद्धतीत नवे सभासद मिळवणे त्या मानाने सोपे असते. ताज्या, विषारी फवारण्यांशिवाय पिकवलेल्या भाजीचे आकर्षण सर्वांनाच असते. अवघड असते ते सभासद टिकवणे. पुढच्या हंगामात किती घरे परत येतील यावर शेतकऱ्याचे वाफे, मजूर आणि कर्ज हे सारे अवलंबून असते. गळती वाढली तर दरवर्षी नव्याने माणसे जमवण्यातच त्याचा निम्मा जीव जातो. हा प्रश्न बहुधा पैशाचा किंवा प्रसिद्धीचा म्हणून मांडला जातो. परंतु ज्या देशात ही चळवळ सर्वांत आधी उभी राहिली, त्या जपानचा अनुभव पाहिला तर तो वयाचाही प्रश्न आहे असे दिसते, आणि म्हणूनच त्याची चर्चा या पाक्षिकात करावीशी वाटली.

आया आजी होतात तेव्हा

जपानमध्ये १९५० आणि १९६० ची दशके औद्योगिक विषबाधेच्या भयाने झाकोळलेली होती. १९५५ मध्ये आर्सेनिकमिश्रित दूधभुकटीने हजारो तान्ह्या बाळांना विषबाधा झाली. त्याच्या पुढच्याच वर्षी मिनामाता येथील पाऱ्याच्या विषबाधेची अधिकृत नोंद झाली. १९७१ मध्ये तेरुओ इचिराकु यांच्या पुढाकाराने जपानची सेंद्रिय शेती संघटना स्थापन झाली. १९७४-७५ मध्ये सावाको आरियोशी यांची रसायनांच्या एकत्रित परिणामांवरील लेखमाला ‘असाही शिंबुन’ या दैनिकात प्रसिद्ध झाली आणि घरोघरच्या गृहिणी अस्वस्थ झाल्या. मुलांच्या तोंडी काय जाते आहे या काळजीने शहरातील आयांनी थेट शेतकरी गाठले. त्या नात्याला त्यांनी ‘तेइकेइ’ असे नाव दिले. त्याचा अर्थ हातात हात घालून काम करणे.

१९७८ मध्ये या चळवळीची दहा तत्त्वे जाहीर झाली. त्यांत परस्पर साहाय्य, चर्चेने ठरवलेले पीक, दोघांनाही परवडेल असा भाव, स्नेह आणि स्वतःच करायचे वाटप अशा गोष्टी होत्या. त्यांतील एक तत्त्व आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे: ठरल्याप्रमाणे शेतकऱ्याने जे पिकवले ते ग्राहकांनी सर्वच्या सर्व स्वीकारावे. वाकडी काकडी, छिद्रे पडलेला कोबी, सलग चार आठवडे मुळा, काहीही असो. त्या काळी या नियमात मोठे बळ होते. माल नाकारला जाणार नाही या खात्रीवरच शेतकऱ्याने फवारणी सोडण्याचे धाडस केले. सभासद स्त्रिया आळीपाळीने शेतावर जाऊन खुरपणीला हात लावत आणि आलेला माल एखाद्या सभासदाच्या अंगणात वाटून घेत.

१९९० च्या सुमारापासून या गटांना ओहोटी लागली. त्याची जी कारणे अभ्यासकांनी नोंदवली आहेत त्यांत बाजारात सेंद्रिय माल सहज मिळू लागणे हे एक आहे. स्त्रिया नोकरीला लागल्या आणि दुपारी अंगणात बसून भाजी वाटायला कोणी उरले नाही, हे दुसरे. तिसरे कारण साध्या हिशेबात दिसते. १९७४ मध्ये जी आई तीस वर्षांची होती ती २०१४ मध्ये सत्तरीला पोहोचली. घरात पाच माणसे जेवत होती, तिथे आता दोन किंवा एकच. मुलांसाठी जी टोपली सुरू केली होती ती मुले केव्हाच दूर गेली. टोपलीचा आकार मात्र तोच राहिला.

आपल्या पिढीच्या वाचकांना या प्रसंगाचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. पानात टाकू नये हा संस्कार ज्यांच्या अंगात मुरला आहे, त्यांना शीतकपाटात पिवळी पडलेली मेथीची जुडी रोज दार उघडताना टोचते. ती टाकताना अपराधी वाटते, शेतकऱ्याचा चेहरा आठवतो, आणि शेवटी त्या माणसाला तोंड दाखवण्यापेक्षा वर्गणी न भरणे सोपे वाटू लागते. भाजी नकोशी झाली म्हणून फार थोडे लोक सोडतात; भाजी संपवता येत नाही म्हणून सोडणारे अधिक. अमेरिकेत सभासदत्व सोडणाऱ्यांना कारणे विचारणाऱ्या अनेक पाहण्या झाल्या आहेत. माल फार येतो, निवडीला वाव नसतो आणि वाटपाची जागा व वेळ गैरसोयीची असते, हीच उत्तरे त्यांत पुन्हा पुन्हा आढळतात. या तिन्ही अडचणी साठीनंतर दुपटीने जाणवतात, हे सांगायला पाहणीची आवश्यकता नाही.

हिशेब सोडल्यावर टिकलेले नाते

तोक्योच्या वायव्येस सैतामा प्रांतात ओगावा नावाचे लहानसे नगर आहे. तेथे योशिनोरी कानेको या तरुण शेतकऱ्याने १९७१ मध्ये सेंद्रिय शेती सुरू केली आणि १९७५ मध्ये दहा कुटुंबांना सभासद करून घेतले. दरमहा ठरावीक वर्गणी आणि त्या बदल्यात धान्य व भाजी, अशी योजना होती. ती दोनच वर्षे चालली. दिलेले पैसे आणि मिळालेला माल यांचा मेळ बसेना, मने कडू झाली आणि गट मोडला.

यानंतर कानेको यांनी जे केले ते व्यवहारी माणसाला वेडेपणाचे वाटेल. त्यांनी भाजीला भाव लावणेच सोडून दिले. घरी खाऊन उरेल ते ओळखीच्या कुटुंबांना द्यायचे, आणि त्या कुटुंबांनी कृतज्ञता म्हणून आपल्या मनाला येईल ते द्यायचे. या पद्धतीला जपानी भाषेत ‘ओरेइ’, म्हणजे आभाराची, पद्धत म्हणतात. हे नाते दोन वर्षांत मोडले नाही. ते दशकानुदशके चालले. आठवडाभर परगावी गेलात, आजारी पडलात, टोपली निम्मीच हवी असली, तरी कोणाचे काही बुडत नाही, कारण जुडीमागे येन मोजलेलेच नसतात.

अमेरिकेतही याच्या जवळ जाणारे एक उदाहरण आहे. तिथे या पद्धतीची सुरुवात १९८५-८६ मध्ये दोन ठिकाणी झाली. मॅसॅच्युसेट्समधील इंडियन लाइन फार्मवर रॉबिन व्हॅन एन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सफरचंदांच्या वाट्यांपासून आरंभ केला. तर न्यू हॅम्पशायरमध्ये टेम्पल-विल्टन कम्युनिटी फार्म उभे राहिले. या दुसऱ्या शेताची रीत अशी: वर्षाच्या सभेत शेतकरी पुढच्या वर्षाचा एकूण खर्च वाचून दाखवतात. मग प्रत्येक कुटुंब आपल्याला झेपेल तेवढ्या रकमेचे वचन देते. बेरीज खर्चाइतकी भरली नाही, तर पुन्हा एक फेरी होते. माल मात्र ज्याने त्याने गरजेपुरता न्यायचा. जास्त दिले म्हणून जास्त नाही, कमी दिले म्हणून कमी नाही. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला अशा सभेत संकोच न वाटता बसता येते. हे दर वाढले की आधी बाहेर पडणाऱ्यांत ज्यांची गणती होते, त्यांना धरून ठेवण्याचे मोठे साधन आहे.

अर्थात ही पद्धत सगळीकडे चालेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. माणसे एकमेकांना तोंडओळखीने जाणतात अशा लहान गटातच ती निभते. दोनशे सभासद, वाहनाने घरपोच माल आणि दूरध्वनीवर नोंदणी, असे स्वरूप झाले की चोख हिशेब हवाच. परंतु त्या हिशेबातही लवचिकपणा ठेवता येतो. अनेक शेतांनी पूर्ण वाट्याबरोबर अर्धा वाटा ठेवला. काहींनी एका आठवड्याआड माल घेण्याची मुभा दिली. वाटपाच्या ठिकाणी एक रिकामी पेटी ठेवून ‘नको ती भाजी इथे ठेवा, हवी ती उचला’ ही सोय करणारी शेतेही पुष्कळ आहेत. अशा पेटीने किती सभासद टिकले असतील! एकाला कारले वर्ज्य, दुसऱ्याला तेच प्रिय.

डॉक्टरांचा कागद आणि शेताचा हंगाम

आता आरोग्याच्या अंगाने पाहू. महाराष्ट्रात या स्वरूपाचे प्रयत्न झाले आहेत. मुंबईत ‘मोफ्का’ या शेतकरी-ग्राहक संघटनेने ‘हरी भरी टोकरी’ या नावाने हंगामी वर्गणीची योजना चालवली. इतरत्रही अशी लहानमोठी शेते आहेत. आपल्याकडे अशा टोपलीचा भर हिवाळ्यात असतो, आणि हिवाळी टोपली म्हणजे मुख्यतः पालेभाजी. मेथी, पालक, शेपू, चाकवत, माठ, मुळ्याचा पाला. निरोगी कुटुंबाला ही पर्वणी. ज्येष्ठांच्या बाबतीत मात्र तीन-चार गोष्टी आधी पाहाव्या लागतात, आणि त्या न पाहिल्यामुळे ‘ती भाजी बाबांना मानवत नाही’ असे म्हणून टोपली बंद होते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाची. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेल्या रुग्णांना, आणि हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्या काही रुग्णांना, वॉरफरिन किंवा त्याच कुळातील गोळी दिलेली असते. हिरव्या पालेभाज्यांत ‘के’ जीवनसत्त्व विपुल असते आणि ते या गोळीच्या विरुद्ध दिशेने काम करते. म्हणून पालेभाजी सोडावी असा याचा अर्थ नाही. तिचे प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखे राहावे, एवढाच आहे. सप्टेंबरपर्यंत घरात दुधी आणि पडवळ, आणि ऑक्टोबरच्या एका आठवड्यात अचानक रोज पालक-मेथी, असा झोका बसला की रक्ताच्या तपासणीचे आकडे हलतात. पुढे टोपली चुकली की ते उलट दिशेने जातात. तेव्हा हंगाम सुरू होताना डॉक्टरांना तसे सांगून ठेवावे आणि तपासणी थोडी लवकर करावी का, हे विचारावे. अलीकडच्या काही गोळ्यांना हे बंधन नसते; आपली कोणती आहे हे चिठ्ठीवरून तपासून घ्यावे, अंदाजाने ठरवू नये.

मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांचे पथ्य वेगळे. काहींना पोटॅशियम मर्यादित ठेवण्यास सांगितलेले असते. अशांसाठी भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिल्यास पोटॅशियमचा काही भाग कमी होतो. परंतु किती आणि कोणती भाजी चालेल, हे आहारतज्ज्ञांनीच सांगायला हवे. शेतकऱ्याकडून येणारी भाजी ‘नैसर्गिक’ आहे म्हणून ती पथ्याच्या बाहेर जात नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे काळजी घेणाऱ्यांचेही दुर्लक्ष होते. वयपरत्वे भूक मंदावते, जेवणाचे प्रमाण कमी होते. अशा वेळी टोपली संपवण्याच्या नादात ताट भाजीनेच भरले, तर डाळ, दही, दूध, अंडे यांना जागा उरत नाही आणि आधीच झिजणारे स्नायू अधिकच झिजतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाण्याचा सल्ला देते. त्या हिशेबाने दोघांना आठवड्याला फळांसह साडेपाच किलोच्या आसपास लागते. त्यातून फळे, कांदे-टोमॅटो यांसारखे रोजचे जिन्नस वगळले, तर दोन ज्येष्ठांच्या घरी आठवड्याला तीन-साडेतीन किलोहून मोठी टोपली घेण्यात अर्थ नाही. चार माणसांचा वाटा उत्साहाने घेणाऱ्यांनी आधी हे गणित करावे.

दात आणि हात यांचाही विचार हवा. कच्ची कोशिंबीर चावत नसेल तर तीच गाजरे-बीट वाफवून किसता येतात. संधिवाताने बोटे आखडली असतील तर अख्खा लाल भोपळा किंवा सुरणाचा गड्डा ही शिक्षाच होते. गुडघ्यांमुळे खाली विळीवर बसणे सुटलेले असते आणि ओट्यापाशी उभे राहून भोपळा फोडण्याइतके मनगटात बळ नसते. ‘आमचा भोपळा फोडून अर्धाच द्या’ एवढे सांगण्याचा संकोच कशाला? असे आधी कळले तर शेतकरी दोन घरांत एक भोपळा वाटून देऊ शकतो. न कळल्यास तो भोपळा महिनाभर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून राहतो, आणि पुढच्या वर्षीची वर्गणी तिथेच अडते.

टोपली आली की पालेभाज्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, मग वांगी, भेंडी, फ्लॉवर, आणि शेवटी बीट, गाजर, भोपळा असा क्रम ठेवला तर नासाडी पुष्कळच कमी होते. हे बहुतेकांना ठाऊक असते. आठवणीने करावे, इतकेच.

कामाची वाटणी

सभासद-शेतीत पूर्वापार एक अपेक्षा असते, सभासदांनी थोडे श्रम द्यावेत. जपानी गटांत खुरपणी, तर अमेरिकेतील काही शेतांवर तोडणी आणि भरणी. ज्याला वाकता येत नाही त्याला या अपेक्षेमुळे आपण गटावर भार आहोत असे वाटू लागते. माझ्या मते गट हातचे ज्येष्ठ गमावतात ते बऱ्याचदा इथेच, आणि ते गमावणे अनाठायी असते. शेताजवळ बसून करण्याची कामे थोडी नसतात: बियाणे निवडणे, जुड्या बांधणे, हजेरीची वही लिहिणे, नव्या सभासदांना दूरध्वनी करणे. चाकवताचे काय करायचे हे तिशीतल्या सुनेला सांगणारे माणूस गटात असेल, तर ती सून चाकवत पेटीत परत ठेवत नाही. दुसऱ्याचे सभासदत्व टिकवण्याचे हे काम आजींइतके चांगले कोण करील?

घरातही तसेच. भाजी निवडणे हे आपल्याकडे वयस्क माणसाच्या हातचे परंपरागत काम. मेथीची पाने खुडणे, वालपापडी सोलणे, मटार सोलणे या कामांत बोटांना सौम्य व्यायाम होतो आणि दिवसाला आकार येतो. स्मृतिभ्रंशाच्या आरंभीच्या अवस्थेतही अशी सवयीची हातकामे अनेकांना जमतात. काळजी घेणाऱ्यांनी वेळ वाचवण्यासाठी निवडलेली, चिरलेली भाजी आणावी हे समजण्यासारखे आहे. पण आठवड्यातला एक दिवस टोपलीचा असेल तर त्या दिवशी परात आणि जुडी त्यांच्यासमोर ठेवावी. काम हळू होईल. काही देठ पानांत राहतील. राहू द्यावेत.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काळजी घेणारी व्यक्ती एकटीच असेल, रुग्ण अंथरुणाला खिळलेला असेल, तर दर आठवड्याला येणारी कच्ची भाजी हे आणखी एक ओझे होते. अशा काळात टोपली थांबवणे हाच शहाणपणा. प्रश्न एवढाच, की थांबवणे म्हणजे सोडणे ठरावे का? ज्या गटांत ‘दोन महिने आमचा वाटा शेजारच्या घरी द्या’ असे सांगता येते, तिथे माणसे परत येतात. जिथे भरलेली वर्गणी बुडते आणि वर चार शब्द ऐकावे लागतात, तिथे ती येत नाहीत.

आपल्याकडे पावसाळ्यात अनेक शेतांवर भाजीचा पुरवठा मंदावतो किंवा बंद असतो, आणि गणपतीनंतर नव्या हंगामाची नोंदणी सुरू होते. वर्गणी भरण्यापूर्वी शेतकऱ्याला विचारून घ्यावे: अर्धा वाटा मिळतो का, एखादा आठवडा वगळता येतो का, रुग्णालयात जावे लागले तर वाट्याचे काय होते, वर्गणी हप्त्यांनी चालेल का, माल दारात येतो की जिना उतरून आणावा लागतो. त्यासोबत एका कागदावर आपल्या घरात चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या भाज्या मोठ्या अक्षरांत लिहून द्याव्यात, वॉरफरिनसारखी गोळी चालू असल्यास तेही लिहावे. पेरणीपूर्वी मिळालेला असा कागद शेतकऱ्याच्या उपयोगी पडतो, कारण किती वाफे मेथी आणि किती वाफे दुधी, हे त्याला तेव्हाच ठरवायचे असते.